भास्कराचार्य : दोन कवड्यांचे दान आणि त्रेसष्ट निष्क

धारा नगरीच्या भोजराजाने इसवी सनाच्या अकराव्या शतकात भास्करभट्ट नावाच्या एका विद्वानास ‘विद्यापती’ ही पदवी दिली. ही गोष्ट धारच्या कोणत्याही शिलेवर कोरलेली नाही. ती सापडली खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण गावी, भवानीच्या देवळातील एका शिलालेखात. मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. त्यात भास्करभट्टापासून पुढची वंशावळ दिली आहे : भास्करभट्टाचा पुत्र गोविंद, त्याचा प्रभाकर, त्याचा मनोरथ, त्याचा महेश्वर आणि महेश्वराचा पुत्र भास्कर. हा दुसरा भास्कर म्हणजेच ‘लीलावती’चे कर्ते भास्कराचार्य. आमच्या माळव्यातील मराठी घरांत परमार राजांच्या कथा आवडीने सांगितल्या जातात, आणि धार व देवास येथील पवार घराण्यांच्या परंपरेत तर आपले मूळ परमारांशीच जोडलेले आहे. मात्र ज्यांच्या गणिताने आमच्या शाळेतील मुलांचे आजही काम चालते त्या पुरुषाच्या कुळाचा पहिला गौरव याच भूमीच्या राजाने केला होता, हे फारच थोड्यांस ठाऊक असते.

कालगणना पडताळून पाहू. भोजराजाची कारकीर्द साधारणपणे १०१० ते १०५५ अशी धरतात. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधील. मधल्या पाच पिढ्यांस प्रत्येकी पंचवीस-सव्वीस वर्षे दिली, तर भास्करभट्टाचा जन्म भोजराज गादीवर येण्यापूर्वी दोन-तीन दशके येतो. तेव्हा लेखातील हकीकत हिशेबास उतरते. भोजराज केवळ कवींचा आश्रयदाता नव्हता. ‘राजमृगांक’ नावाचा, १०४२ हे आरंभवर्ष धरलेला ज्योतिषगणिताचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. अशा राजाने दिलेल्या ‘विद्यापती’ या पदवीस काही वजन होते, असे मानावयास हरकत नाही.

भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. गोत्र शांडिल्य. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयास असलेले विज्जडवीड, असे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. हे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोणी विजापूर म्हणतात, कोणी पाटणच्या परिसराकडे बोट दाखवितात. वंशजांचे लेख खानदेशात सापडले असल्यामुळे आम्हांस दुसरे मत अधिक पटते. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळते. उज्जैन आमच्या देवासपासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा ही गोष्ट खरी ठरावी असे आम्हांसही वाटले असते. परंतु पाटणच्या लेखात तिचा मागमूस नाही, आणि पुराव्यावाचून मोठेपणा जोडण्याची भास्कराचार्यांना गरजही नाही. उज्जैनशी त्यांचा खरा संबंध त्यांच्या ग्रंथात आहे. विषुववृत्तापासून अवंती नगरी पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्शाइतकी उत्तरेस आहे, म्हणून ते अंतर सोळापट केले की पृथ्वीचा परिघ मिळतो, असे त्यांनी सांगितले. सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश. उज्जैनचे अक्षांश आज २३ अंश ११ कला मोजले जातात, धारचे सुमारे २२ अंश ३६ कला. धारच्या मुलांनी ही गोष्ट उज्जैनच्या मित्रांस अवश्य सांगावी !

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. यांपैकी लीलावती हे अंकगणित. लीलावती ही त्यांची कन्या, घटिकापात्रात मोती पडून तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ती प्रथम आढळते १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने केलेल्या फारसी भाषांतरात. ग्रंथानंतर चार शतकांनी आलेल्या कथेवर आम्ही फारसा भर देत नाही. ग्रंथात कोणा बालेला, सखीला, मित्राला उद्देशून प्रश्न विचारलेले आहेत, एवढे मात्र खरे. शिकविणारा समोर बसून बोलतो आहे असे वाचताना वाटते.

अशाच एका प्रश्नासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. एका दात्याने याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले. एका महिन्यात तो किती निष्क देईल ? त्या काळचे कोष्टक असे : २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्कात २०,४८० कवड्या.

विद्यार्थिमित्रांनो, उत्तराकडे जाण्यापूर्वी क्षणभर थांबून मनाशी अंदाज करून पाहा. पहिल्या आठवड्याच्या शेवटी दाता १२८ कवड्या देतो, त्या दोन पणसुद्धा भरत नाहीत. पंधरा दिवस सरले तेव्हा त्याने एकूण ६५,५३४ कवड्या, म्हणजे तीन निष्कांहून थोडे अधिक, दिलेले असतात. अर्धा महिना गेला, तीन निष्क गेले. आता उरलेल्या अर्ध्यात आणखी तीन-चार, फार तर दहा-वीस जातील, असे भल्याभल्यांचे मन म्हणते. प्रत्यक्षात महिन्याची बेरीज होते २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. दर सेकंदाला एक याप्रमाणे या कवड्या अहोरात्र मोजावयास बसलो तर अडुसष्ट वर्षे लागतील. त्यातही गंमत अशी की, कोणत्याही दिवशीचे दान हे त्यापूर्वीच्या सर्व दिवसांच्या एकूण दानाहून दोन कवड्यांनी अधिकच असते. एकट्या तिसाव्या दिवशी दात्यास १,०७,३७,४१,८२४ कवड्या मोजाव्या लागतात. बिचाऱ्याने शब्द दिला तेव्हा तो उदार होता, अथवा नुसता हिशेबात कच्चा होता, हे भास्कराचार्य सांगत नाहीत.

मोठी संख्या दाखवून चकित करणे एवढाच त्यांचा हेतू असता तर आम्ही या प्रश्नाकडे इतके लक्ष दिले नसते. त्यांनी ती संख्या काढण्याची जी रीत दिली, ती खरी मोलाची आहे. तीस वेळा दुप्पट करीत बसण्याची त्यांना आवश्यकता वाटली नाही. पदांच्या संख्येस ते गच्छ म्हणतात. गच्छ विषम असेल तर त्यातून एक वजा करावा आणि ‘गुण’ असे लिहावे. सम असेल तर त्याचे निम्मे करावे आणि ‘वर्ग’ असे लिहावे. शून्य येईपर्यंत असे करीत जावे. तीसचे निम्मे पंधरा, वर्ग. पंधरातून एक गेला, चौदा, गुण. निम्मे सात, वर्ग. सहा, गुण. तीन, वर्ग. दोन, गुण. एक, वर्ग. शून्य, गुण. आता ही पायरी-पायरीची शिडी उलट, म्हणजे खालून वर चढावी. एकापासून आरंभ करून ‘गुण’ असेल तेथे गुणोत्तराने गुणावे, ‘वर्ग’ असेल तेथे वर्ग करावा. येणारे आकडे अनुक्रमे असे : २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि १,०७,३७,४१,८२४. तीस पायऱ्यांचे काम आठ पायऱ्यांत झाले. आलेल्या संख्येतून एक वजा करावा, एकाने कमी केलेल्या गुणोत्तराने भागावे आणि पहिल्या पदाने गुणावे, की बेरीज मिळते. आमच्या पाठ्यपुस्तकात भूमिती श्रेढीच्या बेरजेचे जे सूत्र अक्षरांत दिलेले असते ते हेच. यालाच जोडून त्यांनी दुसरे लहानसे उदाहरण घातले आहे : पहिले पद दोन, रोज तिप्पट, सात दिवस, उत्तर २,१८६. ते वाचकांनी शिडीने करून पाहावे.

निम्मे करण्याची ही युक्ती भास्कराचार्यांची स्वतःची नव्हे. तिचे मूळ पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. वृत्तातील प्रत्येक अक्षर लघु अथवा गुरू, म्हणून एक अक्षर वाढले की वृत्तांचे प्रकार दुप्पट होतात, आणि तेथेही दोनाचे घात काढावे लागतात. भास्कराचार्यांनी हा धागा सोडलेला नाही. अनुष्टुभाच्या आठ अक्षरी चरणाचे प्रकार किती, असे ते लीलावतीतच विचारतात. चारही चरण सारखे असतील तर २५६, अर्धसम असतील तर ६५,२८० आणि विषम असतील तर ४,२९,४९,०१,७६०. मराठीच्या तासाला लघुगुरूच्या खुणा करताना कंटाळणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

येथे थोडे विषयांतर करितो. भोजराजाच्याच काळात होऊन गेलेला मध्य आशियातील अल्बेरुनी हा पंडित आपल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात धारा नगरीचा आणि तेथे त्या वेळी राज्य करणाऱ्या भोजदेवाचा उल्लेख करितो. त्याच अल्बेरुनीने दुसऱ्या एका ग्रंथात बुद्धिबळाच्या पटावरील चौसष्ट घरांत दुप्पट-दुप्पट ठेवलेल्या दाण्यांची बेरीज केली आहे, आणि तीही वर्ग करीत करीतच. चांगली रीत एकाच देशाच्या सीमेत राहत नाही.

वाढीचे झाले. घटीचे काय ? लीलावतीतील एक यात्रेकरू आपल्याजवळच्या द्रव्याचा अर्धा भाग प्रयागास देतो. उरल्यापैकी दोन नवमांश काशीस देतो. उरल्याचा चतुर्थांश वाटेतील जकातीत जातो. मग जे उरले त्याचे सहा दशांश गयेस खर्च होतात, आणि त्रेसष्ट निष्क घेऊन तो घरी परततो. निघताना जवळ किती होते ?

हे उदाहरण करताना वर्गातील बहुतेक मुले खर्च मोजू लागतात, आणि तेथेच फसतात. कारण प्रत्येक वेळचा भाग हा मूळ रकमेचा नसून उरलेल्या रकमेचा आहे. खर्चाकडे न पाहता शिलकेकडे पाहावे. प्रयागानंतर उरले एक द्वितीयांश, काशीनंतर त्याचे सात नवमांश, जकातीनंतर त्याचे तीन चतुर्थांश, गयेनंतर त्याचे दोन पंचमांश. या चार अपूर्णांकांचा गुणाकार सात साठांश. म्हणजे त्रेसष्ट हे मूळ रकमेचे सात साठांश, म्हणून मूळ रक्कम ५४० निष्क. ताळा पाहावा : ५४० चे २७०, मग २१०, मग १५७॥, मग ६३. घट ही वजाबाकी दिसते, पण तिचा हिशेब गुणाकाराने होतो. आम्ही तर म्हणू की, शाळेतील घातीय वाढ आणि ऱ्हास या प्रकरणाचे मर्म या एका गोष्टीत आहे. यात्रेकरूने प्रत्येक क्षेत्री शिलकेचा तोच एक भाग दिला असता, तर तो सरळ सरळ आमच्या पुस्तकातील ऱ्हासाचा प्रश्न झाला असता.

म्हणून आम्ही भास्कराचार्यांची तीच शिडी आजच्या दोन उदाहरणांस लावून पाहतो. शंभर रुपये दरसाल दर शेकडा दहा या चक्रवाढ व्याजाने तीस वर्षे राहिले. गुणोत्तर १.१. शिडीवर आकडे येतात १.१, १.२१, १.३३१, १.७७१६, १.९४८७, ३.७९७५, ४.१७७२ आणि १७.४४९४. रास सुमारे १,७४४ रुपये ९४ पैसे. सरळ व्याजाने ती केवळ ४०० रुपये झाली असती. ज्या घरांनी सावकाराचे कर्ज पाहिले आहे त्यांना या दोन आकड्यांतील अंतर सांगावयास नको. कागदावर अंगठा उठविणाऱ्या कुळास लीलावतीतील दात्याइतकीही कल्पना नसे. आता उलट बाजू. दहा हजार रुपयांच्या यंत्रावर दरसाल दहा टक्के घसारा धरला, तर गुणोत्तर ०.९, आणि आकडे ०.९, ०.८१, ०.७२९, ०.५३१४, ०.४७८३, ०.२२८८, ०.२०५९, ०.०४२४. तीस वर्षांनी यंत्राची किंमत सुमारे ४२४ रुपये. ती शून्य होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. शून्यास ती कधीच पोचत नाही.

या शिडीच्या पायऱ्या १, २, ३, ६, ७, १४, १५ आणि ३० या वर्षांच्या आहेत. तेव्हा आकड्यांकडे पाहूनच कळते की, दहा टक्क्यांनी रक्कम सात वर्षांत जवळजवळ दुप्पट होते, आठव्या वर्षी पुरती होते. घसाऱ्याने मात्र सहाव्या आणि सातव्या वर्षांच्या दरम्यानच निम्मी उरते. वाढ आणि घट एकाच टक्क्याची, तरी दोन्ही एकमेकींस फेडत नाहीत. एक वर्ष दहा टक्के वाढ आणि पुढील वर्षी दहा टक्के घट झाली तर शंभराचे नव्याण्णव होतात. परीक्षेत शंभर लिहिणारे विद्यार्थी दरसाल निघतातच.

निम्मे होण्याच्या या मुदतीस किरणोत्सारी द्रव्यांच्या बाबतीत अर्धायुकाल म्हणतात. गलग्रंथीच्या रोगात डॉक्टर जे आयोडीन १३१ वापरतात त्याचा अर्धायुकाल सुमारे ८ दिवसांचा आहे. म्हणजे चोवीस दिवसांनी अष्टमांश उरते आणि ऐंशी दिवसांनी एक हजार चोविसांश. रुग्णालयातील हा हिशेब आणि यात्रेकरूच्या थैलीचा हिशेब यांत तत्त्वतः भेद नाही. किती काळात अमुक इतके उरेल, हा उलटा प्रश्न मात्र शिडीने पुरता सुटत नाही. त्यासाठी लॉगॅरिथम लागतात, आणि ते नेपियरने प्रसिद्ध केले १६१४ मध्ये, लीलावतीनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी.

भास्कराचार्यांनी इतर जे केले ते सांगू लागलो तर या अंकाची पाने पुरणार नाहीत. बीजगणितातील चक्रवाल पद्धतीने त्यांनी एक समीकरण सोडविले. एकसष्टाने गुणलेल्या वर्गात एक मिळविला असता पूर्ण वर्ग व्हावा, अशी ती अट. त्याच्या सर्वांत लहान उत्तरात २२,६१,५३,९८० ही संख्या येते. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला, तेव्हा त्याचे उत्तर येथे पाच शतके लिहिलेले होते. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ हे आरंभवर्ष धरून, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगगणिताचा सोपा ग्रंथ रचला. म्हातारपणीही त्यांना नवशिक्याची अडचण दिसत होती.

त्यांच्या मागे पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून नेऊन आपल्या पंडितांचा प्रमुख केले. नातू चांगदेव सिंघण राजाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील तेथल्या अधिपतींनी १२०७ च्या सुमारास त्यास दान दिले. तोच हा शिलालेख. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि पेठेत खरेदी-विक्री होणाऱ्या मालावरचा व मापाचा काही हक्क मठास दिल्याची नोंद त्यात आहे. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराने उचलावा, ही योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

मठ राहिला नाही. ग्रंथ मात्र एका हस्तलिखिताची दोन, दोनांची चार असा पसरत गेला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. १८१६ व १८१७ मध्ये टेलर आणि कोलब्रुक यांची इंग्रजी भाषांतरे निघाली.

आणि एकदा तो ग्रंथ पुन्हा माळव्यात शिकविला गेला. देवासहून भोपाळकडे जाताना वाटेत सिहोर लागते. तेथील इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पाठशाळेत सिद्धांतशिरोमणीचे अध्यापन सुरू केले होते. त्याच्या आश्रयास असलेल्या सुबाजी बापू या महाराष्ट्रीय ज्योतिषाने १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, आणि त्यात पुराणांतील, सिद्धांतांतील व कोपर्निकसच्या मतातील विश्वाची तुलना केली. याच सिहोरात बापूदेव शास्त्री हा तरुण महाराष्ट्रीय विद्यार्थी शिकला. पुढे तो काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाला, आणि ग्रहांची तत्क्षणीची गती काढण्याच्या भास्कराचार्यांच्या रीतीत कलनशास्त्राचे तत्त्व आहे, हे त्याने १८५८ मध्ये विद्वानांपुढे मांडले. विल्किन्सन १८४१ मध्येच वारला होता. त्याने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून शुद्ध केले, आणि ते १८६१ मध्ये कलकत्त्यास छापले गेले.